पॉलिशचं मशीन चालू करायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

आधी एक करा, सकाळी नऊच्या उन्हात गाडी उभी करा अन बोनेटवर सूर्य जिथं चमकतोय तिथं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतील, काळ्या-निळ्या गाडीवर तर लईच. हे चरे रस्त्यानं पाडलेले नसतात, आपणच पाडलेले असतात, रोज धुळीवर कोरडा कपडा मारून. बऱ्याच जणांना वाटतं पॉलिश म्हणजे चरा भरणं, पण तसं नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, किंचित घासून सगळं एका लेव्हलला आणायचं असतं. अन हा कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचा केस बहुतेक त्याच्याहून जाड भरतो. घासलेला कोट परत येत नाही, म्हणून मशीनच्या कामापेक्षा तयारीला जास्त वेळ द्या असं मी कळकळीनं सांगतो.

चरे बघतानाच कुठं पॉलिश करायचंच नाही ते पण ठरवा. चऱ्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर तो चरा पॉलिशनं जाणार नाही, हट्टानं घासलं तर खालचा रंग उघडा पडंल, तिथं फार तर टच-अप. टपावर किंवा बोनेटवर पापुद्रे सुटल्यासारखं पांढरं झालं असंल तर कोट मेलेला आहे, तो पॅनल पेंटरकडंच. अन कुठं डेंटिंग-पेंटिंग झालंय का ते घरच्यांना विचारा, सेकंड हँड घेतली असंल तर जास्तच, कारण दुसऱ्यांदा मारलेला रंग कुठं जाड कुठं पातळ असतो. पेंटची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून एक दिवस मिळालं तर सोनं. माझ्या गाडीचा डावा मागचा दरवाजा आधीच एका गॅरेजमध्ये दाबून रबिंग केलेला निघाला, इतर दरवाज्यांवर मीटर ११० मायक्रॉनच्या आसपास अन तिथं ८० च्या खाली, मी त्या दरवाज्याला मशीन लावलंच नाही, फक्त हातानं वॅक्स लावलं.

दिवस कोणता धरायचा? आपल्याकडं दिवाळी झाल्यापासून जानेवारी संपेपर्यंत. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो, पत्र्याचं शेड अकरा वाजताच भट्टी होतं, कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट) लावलं की मिनिटात वाळून चिकटतं अन काढताना नवे चरे. हाताचा तळवा बोनेटवर आरामात ठेवता आला तरच काम. वारा सुटला की थांबा, शेजारी बांधकाम चालू असंल किंवा समोर कच्चा रस्ता असंल तर दुसरीकडं गाडी न्या. हिवाळ्याची पण एक अडचण आहे, लातूर-धाराशिवकडं कारखान्याचं गाळप तेव्हाच चालू असतं, जवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर रात्रीत काजळी येऊन पडते. तशी दिसली की हात न लावता आधी पाण्यानं वाहून जाऊ द्या. नवशिक्याला छोट्या गाडीला पण दोन पूर्ण दिवस लागतात, एका रविवारात उरकायचा बेत करू नका.

आता पाणी, यावर मी जरा जास्त बोलणार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस बघितलेल्या माणसाला पाईप लावून गाडी धुवायला मन धजत नाही, अन गरज पण नाही, चार-पाच बादल्यांत व्यवस्थित होतं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, हातमोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा मगच शाम्पूत, म्हणजे माती परत रंगावर जात नाही. वरून खाली यायचं, चाकाजवळची काळ्या मातीची ढेकळं शेवटी, तिथला मोजा वेगळा. भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर नको, गाडीचाच शाम्पू आणा. पण खरी मेख बोअरच्या पाण्यात आहे, त्यात क्षार इतके की थेंब उन्हात वाळला की पांढरा गोल डाग पडतो, अन बरेच दिवस राहिला की कोटात खड्डा पाडतो. म्हणून सावलीत धुवा, एकेक पॅनल धुतला की लगेच टिपून घ्या. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर अन तेवढंच बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिड नव्हे) मिसळून मायक्रोफायबरनं हलकं पुसा अन लगेच धुवा. बॅटरीचं पाणी पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं, त्यात क्षार नसतात, पाच लिटरचा कॅन आणूनच ठेवा, पुढं पण लागतं.

धुतलेली गाडी स्वच्छ झाली असं समजू नका. हाताला पातळ कॅरीबॅग घाला अन बोनेटवरून हलकं फिरवा, खरखर लागली की समजा रंगात काहीतरी रुतलंय. जालन्याकडं स्टीलच्या कारखान्यांजवळ किंवा रेल्वे लाईनच्या कडेला गाडी लावणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसतात, तो लोखंडाचा कण गंजलेला असतो. त्याला आयर्न रिमूव्हर मारा, जांभळं पाणी गळायला लागलं की काम चालू झालं, वाळू न देता धुवून टाका. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरनं. मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी, शाम्पूचं पाणी भरपूर मारत हलक्या हातानं सरळ रेषेत, दाबायचं नाही. थंडीत क्ले कडक होतो, कोमट पाण्यात मळून घ्या. अन क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, कितीबी जीव तुटला तरी, त्याला लागलेली वाळू अख्ख्या गाडीवर फिरंल.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचंच घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. पेंटरकडं असतं ते रोटरी एका जागी गोल फिरतं, क्षणभर जास्त थांबलं तरी रंग जळतो, पहिल्यांदा करणाऱ्यानं ते हातात धरूच नये. ड्युअल अ‍ॅक्शन फिरता फिरता हलतं पण, त्यामुळं उष्णता एका जागी साठत नाही अन चुकीला माफी असते. पाच इंची फोम पॅड, मधले म्हणजे पॉलिशचे चार-पाच, कापणारे म्हणजे कंपाउंडचे दोन, मऊ एक-दोन. एकच पॅड घेऊन सगळी गाडी करायला निघाल तर तो कंपाउंडनं चोंदून जातो, प्रत्येक दोन फुटी चौकोन झाला की जुन्या टूथब्रशनं पॅड झाडायचा. एक बाटली पॉलिश, एक कंपाउंड.

मायक्रोफायबरची फडकी १२ ते १५ लागतात, कमी पडली की माणूस मळकंच परत वापरतो. नवीन आणली तरी धुवून, कंफर्ट न घालता, सुती कपड्यांत न मिसळता, अन खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. मास्किंग टेप दोन गुंडाळ्या, काळ्या प्लॅस्टिकला, रबराच्या बीडिंगला, लोगोला, अन बोनेट-दरवाज्याच्या कडांना पण, कारण कडेवर कोट सगळ्यात पातळ असतो. काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरे डाग निघता निघत नाहीत. टेप उन्हात रात्रंदिवस ठेवू नका, गोंद राहतो. वायर लांब अन अर्थिंगवाली, खांद्यावरून मागं टाकायची म्हणजे रंगाला घासत नाही, खाली पाणी सांडलेलं नको. लाईट कधी जाते याचा अंदाज घेऊन बसा, मधेच गेली तर मशीन लगेच उचला अन तेवढा भाग पुसून घ्या. मास्क, चष्मा, अन अंगठी-घड्याळ-बेल्टचं बक्कल काढून ठेवा. जोरात एलईडी टॉर्च, नसंल तर मोबाईलची.

मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, एक भाग ते अन चार भाग बॅटरीचं पाणी, स्प्रेच्या बाटलीत. पॉलिशमधलं तेल चरे झाकून ठेवतं अन आपल्याला वाटतं गेले, हे मारून पुसलं की खरं काय ते दिसतं. सुरुवातीला बोनेटवर टेपनं दीड-दोन फुटाचा चौकोन आखा, मधला पॅड अन पॉलिश घ्या, वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन रंगाला टेकवूनच चालू करायचं, हळूहळू उभं-आडवं फिरवायचं. पुसा, अल्कोहोल मारा, टॉर्चनं बघा. ७०-८० टक्के चरे गेले तर पूर्ण गाडीला तेच पुरे, नाही गेले तरच कंपाउंड. पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला तर गाडीला क्लिअर कोटच नाही किंवा तो संपलाय, तिथंच थांबा. प्लॅस्टिकच्या बंपरवर हात आणखी हलका, तो पत्र्यापेक्षा लवकर तापून बसतो.

सीलंट किंवा वॅक्स आधीच घरात असू द्या, पॉलिश झाल्यावर उघडा कोट तसाच ठेवून बाजारात जाऊ नका. अन शेवटचं, घरात सांगून ठेवा. आमच्या अण्णांना वीस वर्षांपासून सकाळी फाटक उघडलं की गाडीवर पिवळं फडकं मारायची सवय, ते प्रेमानंच करायचे. मी त्यांना उन्हात नेऊन ते चरे दाखवले, डिक्कीतलं फडकं काढून तिथं स्प्रे बाटली अन दोन जाड मायक्रोफायबर ठेवले, आता ते आधी पाणी मारून धूळ भिजवतात अन मग एकाच दिशेनं पुसतात.