हशाच्या आधीचं लिहा

विनोदी कामं करत केस पिकलेल्या दोन मैत्रिणींनी विचारलं, "आठवणी लिहायच्यात, चार ठिकाणी बोलायचंय. सुरुवात कुठून करू?" नाटकांत भोचक शेजारणी आणि तोंडाळ सासवा रंगवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. आता पुस्तक झालंय, व्याख्यानंही देते. जे करून कळलं तेवढंच सांगते.

आधी ट्रंक उघडा. जाहिरातींची कात्रणं, दौऱ्यांचे कागद, नाइटच्या, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांच्या, हिशोबाच्या डायऱ्या, सगळं बाहेर काढा. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझी ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. चिकटलेली पानं मी घाईनं सोडवायला गेले आणि अक्षरं गेली. तुम्ही ओलं पान ओढू नका. सुटतील तेवढ्याच पानांमध्ये टिपकागद घाला, पंख्याखाली सावलीत वाळवा. एका डायरीत एवढंच वाचता आलं: "विटा. नाइट १५०. पदर फाटला."

विटा गावच्या त्या प्रयोगावरून सहा पानं झाली. विंगेतल्या खिळ्यात पदर अडकून टर्रकन फाटला, तशीच एंट्री घेतली आणि थिएटर हसून लोळलं. पहिल्या खर्ड्यात मी तो हशाच लिहिला होता. पानावर तो मेला. रंगमंचावर तो माझ्या थांबण्यातून आला होता, समोरच्या नटाच्या चेहऱ्यातून आला होता. कागदावर यातलं काहीच उतरत नाही. म्हणून हशाच्या आधीची दहा मिनिटं लिहा. तापानं फणफणलेलं पोर शेजाऱ्यांकडे ठेवून मी गाडीत बसले होते, आणि दुसरी घंटा होईपर्यंत घरी फोन लागला नव्हता.

तारखा कात्रणांशी ताडून घ्या, स्मरणावर सोडू नका.

एका निर्मात्यानं माझे अकरा प्रयोगांचे पैसे बुडवले. त्यावर चार पानं संतापानं लिहिली, दोन महिने झाकून ठेवली. शेवटी प्रयोगांचा आकडा ठेवला आणि भाड्यासाठी कुठली बांगडी मोडली ते ठेवलं. त्याचं नाव काढलं, विशेषणं काढली. वाचणाऱ्याला राग आपसूक येतो.

व्याख्यानात मात्र थांबणं पुन्हा कामाला येतं. चाळीस मिनिटांना तीन प्रसंग पुष्कळ झाले. चिठ्ठीवर त्यांची नुसती नावं लिहा. वाचून दाखवायला लागलात की लोकांची नजर सुटते. हशा चढताना बोलू नका, पण पूर्ण विरेपर्यंतही थांबू नका. उतरायला लागला की पुढचं वाक्य. माईक वीतभर लांब ठेवा, पोटातून आवाज फेकायची आपली सवय तिथं कानठळ्या बसवते. सांगलीत बोलणार असाल तर १८४३, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर' या मराठी रंगभूमीच्या जन्मकथेनं सुरुवात करू नका. दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, ते इथं ऐकलेलं असतं. थेट तुमच्या विंगेत न्या. मानधन आणि गाडीभाडं फोनवरच ठरवा, त्यात संकोच कसला?

छापायला देण्याआधी प्रकरण त्यातल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. विट्याला माझा पदर टाचून देणारीला मी वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ती म्हणाली, "दोरा डब्यातला नव्हता गं. माझ्या परकराची शिवण उसवून काढला होता." इतक्या वर्षांत ती एका शब्दानं बोलली नव्हती. ते पान मी त्याच रात्री पुन्हा लिहिलं.