ग्रामपंचायत कार्यालयातील उजेडाची मांडणी

उन्हाळ्यात विदर्भातील कार्यालयांच्या खिडक्या कूलर आणि वाळ्याच्या ताट्यांनी झाकल्या जातात. त्यामुळे बाहेर रखरखीत ऊन असूनही आत मिणमिणत्या उजेडात नोंदवही भरावी लागते, डोळे शिणतात, आकडे चुकतात आणि तीच नोंद पुन्हा तपासण्यात वेळ जातो.

लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असावा. मोबाइलवरील लक्समापक ॲपने त्याचा ढोबळ अंदाज येतो. कूलर शक्यतो एकाच खिडकीत बसवून दुसरी मोकळी ठेवावी. संगणक असा ठेवावा की खिडकी बाजूला येईल. ती बसणाऱ्याच्या पाठीमागे असल्यास पडद्यावर चकाकी येते, तर समोर असल्यास डोळे दिपतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून मिळावा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहायच्या ओळीवर पडते. जुनी, लुकलुकणारी ट्यूब डोकेदुखी वाढवते, म्हणून ती आधी बदलावी. सुमारे ४००० केल्विनचा, म्हणजे ना फार पिवळा ना फार निळसर उजेड देणारा, २० वॅटचा एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांबट दिवा) टेबलाच्या वर लावावा.

भिंतींना पांढरा रंग द्यावा. दिव्यांवरची धूळ मात्र दरमहा, वीज बंद करून, आवर्जून पुसावी. आपल्याकडे हे काम हमखास राहून जाते.