पुट ऑफ म्हणजे रद्द नाही!!

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला ऑफ, अप असा छोटा शब्द जोडला की वेगळाच अर्थ होतो ते, सगळ्यांनी शाळेत केलंय, त्यात जास्त शिरत नाही. मी फक्त पुट ऑफबद्दल लिहितोय, कारण त्याच्यामुळे पहिली नोकरी जाते की काय अशी वेळ आली होती.

पुण्यात जॉइन होऊन दीड महिना झालेला. टीम लीड मॅडमचा मेसेज आला, 'प्लीज पुट ऑफ द डेमो'. घरी आपण लाइट ऑफ कर, फॅन ऑफ कर असंच म्हणतो ना, म्हणून ऑफ म्हणजे बंद एवढंच डोक्यात. मी कॅलेंडरमधून इन्व्हाइट उडवला, मीटिंग रूम सोडून दिली आणि क्लायंटला मेल टाकला, 'द डेमो इज कॉल्ड ऑफ'. संध्याकाळी मॅडम विचारतात, नवीन तारीख काय दिलीस? माझ्या हातापायातलं बळच गेलं.

पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. कॉल ऑफ म्हणजे रद्द. लग्न पुढे ढकललं तर हॉलवाल्याकडे नवीन तारीख मागतात, लग्न मोडलं तर अ‍ॅडव्हान्स परत मागतात, इतका फरक आहे. म्हणून 'पुट ऑफ टिल मंडे' चालतं, 'कॉल ऑफ टिल मंडे' चालत नाही. मेसेजमध्ये तारीख नसेल तर सरळ विचारा, 'टिल व्हेन?' विचारायची लाज वाटली तर माझ्यासारखं होईल.

आणि शब्द सुटे करून अर्थ लावू नका. 'खाऊन टाक' म्हटल्यावर आपण काही फेकतो का? 'बोलून बसलो' मध्ये कोण बसतं? तसंच आहे हे, आपल्याला ही सवय आधीपासून आहे, घाबरू नका.

वापरताना इट मधेच येतं, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लागतो, 'आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', टू गो नाही. 'द स्मेल पुट मी ऑफ' मात्र वेगळं, त्या वासाने खायची इच्छाच गेली.

त्या शंभर फ्रेजल व्हर्ब्सच्या पीडीएफ फॉरवर्ड होतात ना, त्या डिलीट करा, माझ्याकडे तीन होत्या आणि तिन्हीत पुट ऑफ होतं. 'ऐकत राहा, आपोआप येईल' म्हणणारे सीनियरही काही कामाचे नाहीत. मॅडमनी मला ओरडून झाल्यावर शेजारी बसवून क्लायंटला दुसरा मेल माझ्याकडूनच लिहून घेतला, 'वी हॅव ओन्ली पुट इट ऑफ'. क्लायंटने दुसऱ्या दिवशी सोमवारची वेळ दिली.