परसातल्या वीस कोंबड्या: खुराडं, पिल्लं आणि रोजची देखभाल

कोंबड्या पाळायच्या ठरलं की बहुतेक घरांत आधी पिल्लं येतात आणि खुराडं मागाहून जमेल तसं उभं राहतं. जुनी फळकुटं, फुटका पत्रा, गोठ्यामागचा एखादा कोपरा. पावसाळा लागला की मर सुरू होते आणि दोष जातीला नाहीतर लशीला दिला जातो. कोंबडी दिवसभर परसात उकरत, चरत असते, तिथं तिचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत: खाली ओल, वर कोंदट हवा आणि दाराशी मुंगूस. म्हणून आधी खुराडं, मग पिल्लं. इथली मापं २० तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या माद्या) आणि २ कोंबडे एवढ्या कळपाची आहेत.

खुराडं

मोठ्या पक्ष्याला २ चौरस फूट जागा धरा. २२ पक्ष्यांना ८ फूट लांब आणि ६ फूट रुंद खुराडं पुरतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे जाळीच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला येतात आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट आत शिरत नाही. जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच हवं. कोकणात चिऱ्याचे दोन-तीन थर टाकले की झालं, घाटावर दगड किंवा विटा. तळाला कोबा करा. नुसती माती असेल तर घूस खालून बीळ काढते आणि एका रात्रीत पिल्लं ओढून नेते.

आखूड बाजूंच्या भिंती पूर्ण बांधा. लांब बाजूंना दीड फूट भिंत आणि त्यावर छपरापर्यंत जाळी. जाळीत पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी रानमांजर दातांनी फाडतं आणि लहानसा साप तिच्यातून सहज आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे पक्के जोडलेली जाड तारेची जाळी) घ्या. सगळीकडे परवडत नसेल तर खालचे तीन फूट तरी तीच लावा. दाराखालची फटही अर्ध्या इंचाहून मोठी नको, आणि कडीच्या जोडीला वर एक खिटी हवीच, कारण कुत्रं धक्के मारून सैल कडी उघडतं.

छप्पर मध्ये ८ फूट, कडांना ६ फूट. कौलं सगळ्यांत चांगली. पत्रा घातलात तर उन्हाळ्यात त्यावर झावळ्या किंवा पेंढा अंथरा. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट पुढे पडल्या पाहिजेत, नाहीतर तिरप्या पावसाची झड थेट आत अंथरलेल्या तुसावर येते.

पावसाळ्यात आणि थंडीत जाळीला ताडपत्री किंवा पोती लावतात, आणि बहुतेकांची चूक इथंच होते. ताडपत्री वरून खाली सोडली जाते, वरची सगळी हवा कोंडते आणि विष्ठेतला अमोनिया आतच राहतो. पडद्याची खालची कड भिंतीला पक्की करा आणि पडदा दोरीनं खालून वर ओढून घेता येईल असा ठेवा. कितीही पाऊस असला तरी छपराखालची एक फूट जाळी उघडी राहिली पाहिजे. गरम, ओली हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर पडते. परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडल्या उघडल्या आत जा, कोंबडीच्या उंचीला उकिडवे बसा आणि दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसलेलं असतं. थोड्याच दिवसांत शिंका आणि घरघर सुरू होते आणि लोक औषध आणायला धावतात.

बसायला दीड-दोन इंच जाडीचे, कडा गोल केलेले दांडे घ्या, जमिनीपासून दोन फुटांवर. दर पक्ष्याला ८ इंच धरा. सगळे दांडे एकाच उंचीवर हवेत. वरखाली लावले की सगळ्यांत वरच्या दांड्यासाठी रोज भांडणं होतात आणि पडून पाय दुखावतात. अंड्यांसाठी १२ बाय १२ इंच, १४ इंच उंच असे चार-पाच खण, दांड्यांपेक्षा खाली आणि अंधाऱ्या बाजूला. खण उंचावर असले की कोंबड्या त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेनं माखलेली मिळतात.

तुसाची गादी

कोब्यावर भाताचं कोरडं तूस ३ ते ४ इंच पसरा. बारीक भुसा नको, त्याची धूळ पक्ष्यांच्या नाकात जाते. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालीवर करा. गादी कशी आहे ते हातानं ओळखता येतं: मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. हळूहळू विस्कटला तर ठीक. अजिबात जुळलाच नाही तर फार कोरडी आहे आणि धूळ उडणार. ओली असेल तर तेवढा भाग काढून टाका, उरलेल्यावर थोडा विरी गेलेला चुना भुरभुरा आणि नवं तूस मिसळा. ओल बहुधा पाण्याच्या भांड्याभोवतीच असते. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, विटेवर ठेवलं की सांडणं निम्म्यानं कमी होतं. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, सगळी गादी काढा. थेट झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. ताजी विष्ठा मुळं जाळते. खड्ड्यात कुजवून मग नारळाला, केळीला घाला.

जात आणि पिल्लं

वनराजा आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या संशोधन संस्थेच्या, गिरीराज बंगळुरूची. वनराजा अंगानं भरते, रंगीत असते, पण जड असल्यानं घारीपुढे पळताना कमी पडते. ग्रामप्रिया हलकी आणि अंड्यांना सरस. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. मांसाला भाव चांगला, अंडी कमी. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणून कळपात दोन-तीन गावठी कोंबड्या ठेवाच. पिल्लं उबवायची ती त्यांच्याकडूनच.

एक दिवसाची पिल्लं नर-मादी मिसळ मिळतात. २० तलंगा हव्या असतील तर ४५ पिल्लं आणावी लागतात. पहिल्यांदाच पाळत असाल तर सुरुवातीच्या लसी झालेली महिनाभराची पिल्लं घ्या. महाग पडतात, पण सगळ्यांत नाजूक दिवस दुसऱ्यानं सांभाळलेले असतात.

एक दिवसाची आणलीच, तर पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंच, चार फूट व्यासाचं गोल कडं करा. कोपरे नकोत, पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. दर पिल्लामागे दोन वॅट धरून ६० वॅटचे दोन बल्ब लावा, एक गेला तरी दुसरा चालू राहील. बल्ब तारेचे, पिवळे हवेत. एलईडीनं उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. पिल्लं यायच्या आधी चार तास बल्ब लावून ठेवा, म्हणजे तूस गरम झालेलं असेल. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. कडंही दोन-तीन दिवसांनी मोठं करा.

थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा. बल्बाखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. कड्याच्या भिंतीला चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूनं वाऱ्याची झुळूक येतेय. कड्यात सारखी पसरून खात-पीत, झोपत असतील तर ठीक आहे.

पहिले तीन दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर पिल्लं तूसच खातात. आल्यावर आधी कोमट गूळपाणी, दोन तासांनी मक्याची बारीक भरड. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. ज्याला पाणी सापडलं नाही ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतं. भांड्याच्या कडेत गोटे टाका म्हणजे पिल्लं भिजणार नाहीत. रात्री चार-पाच पिल्लांचे गळे चाचपून पाहा. पोटा, म्हणजे गळ्याखालची दाण्याची पिशवी, भरलेला आणि मऊ लागला पाहिजे. बूड विष्ठेनं चिकटलं असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं सोडवा, ओढू नका.

खाद्य

आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचं तयार खाद्यच द्या, घरचे प्रयोग नकोत. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य तर लहान पिल्लांना अजिबात नको, त्यातला जादा चुना त्यांची मूत्रपिंडं बिघडवतो.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. परसात नीट चरायला मिळत असेल तर ५० ते ६० ग्रॅम वरून द्या, निम्मं सकाळी, निम्मं तिन्हीसांजेला. संध्याकाळचा घास चुकवू नका, त्याच्याच ओढीनं कोंबड्या आपण होऊन खुराड्यात येतात. दहाएक किलोचं मिश्रण असं: मका भरड ५ किलो, ज्वारी किंवा तांदळाची कणी दीड किलो, कोंडा १ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, खनिज मिश्रण ३०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत सदैव ठेवा, जिला लागेल ती खाईल. पातळ कवचाची अंडी फुटतात, एकदा चव लागली की कोंबडी स्वतःची अंडी फोडून खायला लागते आणि ती खोड मोडत नाही. म्हणून अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाणा पेंड फुकट मिळाली तरी घालू नका. ती बुरशी यकृत नासवते आणि त्यावर उपाय नाही. एका कोपऱ्यात वाळू आणि चुलीची राख भरलेला दोन फुटी चौकोन ठेवा. कोंबड्या त्यात लोळून उवा-पिसवा झाडतात. गोचीडवर्गातला लाल किडा मात्र दिवसा दांड्याच्या फटीत लपतो. रात्री दांड्याच्या खालच्या अंगावरून पांढरं फडकं फिरवा. लाल रेघ उमटली तर दांडे काढून उन्हात टाका आणि टोकांना कडुनिंबाचं तेल चोपडा.

लसी आणि मर

मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रावर होते, विचारून घ्या. पुढे ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (राणीखेत या साथीच्या रोगाची लस), डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस. २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा, पाण्यातून. सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी, पंखापाशी कातडीखाली अर्धा मिली. ही शेवटची लस जोरकस आहे. आधी लासोटा न झालेल्या लहान पिल्लाला टोचली तर लशीनंच आजार होतो. लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. पाण्यातून देताना नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही. कुपी शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी येते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवावा. पैसे वाचतात आणि शेजारच्या बिनलशीच्या कळपातून रोग येण्याचा धोकाही जातो.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, ओल्या गादीची देणगी. औषध पशुवैद्याकडून घ्या आणि गादी त्याच दिवशी बदला. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, घरघर, मान पिळवटलेली अशी लक्षणं राणीखेतची. तिच्यावर औषध नाही. आजारी पक्षी लगेच वेगळे करा. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे दूर डालग्याखाली ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका. एकदम बरेच पक्षी मेले तर उकिरड्यावर, ओढ्यात टाकू नका आणि घाईनं विकूही नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. दवाखान्यातून परवानगी मिळाली की मेलेले पक्षी तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

खुडूक बसवणं

गावठी कोंबडी खणातून उठेनाशी झाली, पिसं फुलवून क्लक् क्लक् करू लागली की ती खुडूक झाली. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची १० ते १२ अंडी संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. उन्हाळ्यात अंडी चार दिवसांपेक्षा जुनी नकोत. टोपलीत तळाला थोडी माती, वर गवत, आणि जवळच दाणा-पाणी. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरा: लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ते जिवंत आहे, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं कवच फोडतात. एखाद्याला वेळ लागला म्हणून कवच सोलू नका. आतल्या पडद्यातलं रक्त अजून पिल्लात शोषलं गेलेलं नसतं, ते वाहतं आणि पिल्लू हातातच जातं. एक दिवस थांबा, बाकी कोंबडी बघून घेते.