‘बेथ’ पासून ‘क्वेत्’ पर्यंत: टॉल्किनच्या भाषांतले धातू कसे शोधावेत

इंग्रज लेखक टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत मोरिया या भूमिगत नगरीच्या बंद दारापुढे गँडाल्फ हा जादूगार जो मंत्र म्हणतो, त्यात ‘लास्तो बेथ लाम्मेन’ असे शब्द आहेत. अर्थ: माझ्या जिभेचा शब्द ऐक. यातला ‘बेथ’ कोशात ब खाली शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल. तो सापडायला आधी थोडी उलटी वाट चालावी लागते. तीच वाट इथे पायरीपायरीने दिली आहे, कारण एल्व्हिशमधल्या, म्हणजे कादंबरीतल्या एल्फ लोकांच्या भाषांतल्या, शेकडो शब्दांना ती लागू पडते.

टॉल्किनने एल्फांच्या दोन मुख्य भाषा रचल्या: फिनिशचा नाद असलेली क्वेन्या आणि वेल्शच्या वळणाची सिंदारिन. दोघी बहिणी. एकाच आदिभाषेतले धातू, म्हणजे शब्दांची मूळ बीजं, पण प्रत्येकीचे ध्वनिनियम वेगळे. संस्कृतातून मराठीकडे येताना शब्द कसे झिजतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा खेळ परका वाटणार नाही.

एक खबरदारी आधीच घ्या. टिपणं रोमन लिपीतच ठेवा. वाचायला देवनागरी सोयीची, पण सिंदारिनमधल्या ‘गालाध’चा शेवटचा ध्वनी आपला महाप्राण ध नव्हे, तो इंग्रजी ‘दिस’च्या (this) पहिल्या ध्वनीसारखा घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारा, आहे. ‘थ’चंही तसंच. शिवाय ए, ओ ऱ्हस्व की दीर्घ हे देवनागरीत कळत नाही आणि इथे त्यावर बरंच काही अवलंबून असतं.

१. कोशातलं रूप काढा

‘घोड्याला’ हा शब्द आपण कोशात ‘घोडा’ म्हणून पाहतो. सिंदारिनमध्ये बदल शेवटी न होता सुरुवातीला होतो. वाक्यात शब्द कर्म म्हणून आला की पहिलं व्यंजन मऊ पडतं: प चा ब, त चा द, क चा ग, ब आणि म या दोघांचाही व, द चा घर्षक ध. ग तर पूर्ण गळतो. इथे ‘बेथ’ हे ऐकण्याचं कर्म आहे, म्हणून मूळ शब्द ‘पेथ’. समोर व ने सुरू होणारा शब्द आला तर ब आणि म दोन्ही खाली शोधा. स्वराने सुरू होणारा असेल तर ग खालीही एकदा नजर टाका. नवशिक्यांच्या निम्म्या चुका याच पायरीवर होतात.

अनेकवचनंही अशीच फसवी असतात, कारण ती आतल्या स्वरांनी होतात: आमोन म्हणजे टेकडी, एमिन म्हणजे टेकड्या.

२. बहीण शोधा

एकट्या ‘पेथ’वरून धातू सांगता येत नाही. सिंदारिनमधला प मूळचा प असू शकतो किंवा मूळच्या क्व चा झालेला असू शकतो. निकाल क्वेन्या देते, कारण तिने क्व जपून ठेवला आहे. क्वेन्यात शब्दाला ‘क्वेत्ता’ म्हणतात. म्हणजे मूळ क्व.

३. नियम उलटे चालवा

‘क्वेत्ता’तला जोड त्त सिंदारिनमध्ये थ होतो आणि शेवटचा स्वर गळतो. झाला ‘पेथ’. आता त्याच दारावर कोरलेली ओळ पाहा: ‘पेदो मेल्लोन आ मिन्नो’, मित्र म्हण आणि आत ये. हा ‘पेदो’ही त्याच धातूचा. पण इथे त एकेरी होता, आणि स्वरांमधला एकेरी त सिंदारिनमध्ये द होतो. दारावरचा द आणि मंत्रातला थ, दोन्ही एकाच ‘क्वेत्’चे. आपल्याकडेही एकेरी आणि जोड व्यंजनाचं नशीब वेगळं: ‘शत’मधला एकटा त गळून ‘दोनशे’तला शे उरला, ‘सप्त’चा प्राकृतात ‘सत्त’ झाला आणि तो त ‘सात’मध्ये टिकला.

क्वेन्यातला ‘क्वेन्ता’, म्हणजे कथा, हाही याच घरातला. धातूच्या पोटात न शिरला आहे. संस्कृतात भिद् चं ‘भिनत्ति’ होतं, तशी ही चाल.

नियम बरोबर लागला की नाही, हे दुसऱ्या जोडीवर चालवून बघा. झाडाला क्वेन्यात ‘आल्दा’, सिंदारिनमध्ये ‘गालाध’. मूळ रूप ‘गालादा’. क्वेन्याने पहिला ग आणि मधला स्वर टाकला, शेवटचा ठेवला. सिंदारिनने नेमकं उलट केलं. मधला स्वर गळण्याचा हाच नियम ‘नोल्दो’ आणि ‘गोलोध’ (एल्फांच्या एका कुळातल्या माणसाचं नाव) या जोडीतही दिसतो. दोन जोड्या जुळल्या की पुढे जा. एका जोडीवर नियम उभा करू नये.

४. धातूची नोंद वाचा, पूर्ण वाचा

टॉल्किनने स्वतः केलेली धातूंची मोठी यादी साधारण 1937-38 च्या सुमाराची आहे. ती ‘द लॉस्ट रोड’ या 1987 च्या खंडात छापली गेली. हस्तलिखितावरून केलेल्या दुरुस्त्या ‘विन्यार तेंग्वार’ या नियतकालिकाच्या 45 आणि 46 या अंकांत आल्या (2003, 2004). त्या न पाहता काढलेला निष्कर्ष कच्चा समजा.

या यादीत ‘लास्’ दोनदा आहे. एक पानाचा, ज्यावरून ‘लास्से’. दुसरा ऐकण्याचा, ज्यावरून मंत्रातला ‘लास्तो’. दोघांचा संबंध असावा, असं टॉल्किनने तिथेच सुचवलं आहे, कारण एल्फांचे कान पानासारखे टोकदार! पण नोंदी दोन आहेत, तुम्हीही दोनच ठेवा.

अर्थाच्या ओढीने होणारी सर्वांत प्रसिद्ध चूक गालाद्रिएल या एल्फ राणीच्या नावात होते. ती वनराणी, म्हणून नाव ‘गालाध’ म्हणजे झाडावरून, असं वाटतं. प्रत्यक्षात ते ‘गालाद’, म्हणजे तेज, यावरून आहे. एका अक्षराचा फरक, धातू वेगळा.

५. साल लिहा

याच यादीतल्या सिंदारिनसारख्या भाषेला तेव्हा नोल्दोरिन म्हणत. सिंदारिन हे नाव आणि तिचा इतिहास 1950 च्या आसपासचा. म्हणून रूपं जशीच्या तशी उचलू नका: नोल्दोरिनमध्ये पानाला ‘ल्हास्स’, सिंदारिनमध्ये साधं ‘लास्स’. त्याहून जुना थर म्हणजे 1915 मध्ये सुरू झालेला क्वेन्याचा कोश, जो ‘पार्मा एल्दालाम्बेरॉन’ या नियतकालिकाच्या 12 व्या अंकात 1998 मध्ये छापला. तिथल्या धातूवर नंतरचे नियम चालवले तर उत्तर चुकणारच. 1915 चा धातू आणि 1938 चा धातू एकाच ओळीत लिहायचे असतील तर मध्ये साल हवंच.

वहीत प्रत्येक शब्दाला पाच रकाने पुरतात: सापडलेलं रूप, कोशातलं रूप, बहिणीचं रूप, धातू, साल. टॉल्किनने तारांकित (*) केलेलं, म्हणजे मागे जाऊन जुळवलेलं, रूप हा त्याचा स्वतःचा दाखला. तुम्ही जुळवलेल्या रूपाला तारा देऊ नका, प्रश्नचिन्ह द्या. नाहीतर सहा महिन्यांनी कुठलं कोणाचं हे तुम्हालाच कळणार नाही.

काही नावांना सहावा रकाना लागतो. टॉल्किनच्या कथांतला दर्यावर्दी ‘एआरेन्दिल’ याच्या नावात कल्पित इतिहासानुसार समुद्र आणि भक्त हे दोन घटक आहेत. पण टॉल्किनला हे नाव जुन्या इंग्रजी काव्यात मिळालं होतं आणि 1914 मध्येच त्याने ते स्वतःच्या कवितेत वापरलं. धातू मागाहून जोडले. अशा नावापुढे दोन्ही उगम लिहा, आणि आधी कोणता आला तेही.