शून्य टक्के संसर्ग? आधी पेशंटला फोन लावा

हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात नव्याने येणारी मुलं, मग ती बीएएमएस असोत, नर्सिंगची असोत की एमएचए (हॉस्पिटल व्यवस्थापन) केलेली, पहिल्याच आठवड्यात एक्सेल उघडून बसतात. बेड ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के खाटा भरलेल्या होत्या, दहा मिनिटांत जमते: महिन्याचे रुग्णदिवस (रोज दाखल असलेल्या रुग्णांची बेरीज) भागिले (खाटा गुणिले दिवस), आणि जे येईल त्याला गुणिले १००. त्यात फार रमू नका.

डिस्चार्जचा वेळ जरा नडतो. घड्याळ कधी सुरू करायचं? डॉक्टर राउंडला ‘आज सोडू’ म्हणाले तेव्हा, की बिल निघालं तेव्हा? हे ठरल्याशिवाय दोन महिन्यांची तुलना करू नका. कॅशलेसचे, म्हणजे ज्यांचं बिल विमा कंपनी परस्पर भरते ते, पेशंट वेगळे काढा.

पण खरी मेख आहे ती ऑपरेशनच्या जखमेतल्या संसर्गात. तिथे साधारण ३० दिवस पाठपुरावा करायचा असतो, इम्प्लांटच्या (शरीरात कृत्रिम भाग बसवण्याच्या) काही शस्त्रक्रियांत ९०. सोलापुरात ऑपरेशनला येणारा माणूस अक्कलकोटचा, तुळजापूरचा, नाहीतर सीमेपलीकडच्या इंडीचा. चार-पाच दिवसांत तो घरी जातो, टाके गावातल्याच डॉक्टरकडे काढतो. जखम चिघळली तरी आपल्या रजिस्टरला पत्ता नसतो. मीटिंगमध्ये मात्र ‘शून्य टक्के’ वाचून सगळे खूश!

म्हणून फोन करा. कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सिस्टर सोबत हव्यातच. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसा यंत्रमागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, तेव्हा संध्याकाळ बरी. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘बरंय की’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा जखमेतून पाणी किंवा पू येतो का, ताप आला होता का, कुणी पुन्हा अँटिबायोटिक दिलं का, असं नेमकं विचारा. संशय आला तर जखम दाखवायला बोलवा. फोनवरच संसर्ग ठरवून मोकळं होऊ नका.

फोन सुरू झाले की आकडा वाढतो. मग साहेब विचारणारच, ‘तुम्ही आल्यापासून इन्फेक्शन वाढलं का हो?’ म्हणून आकड्याशेजारी दर महिन्याला लिहा: ऑपरेशनं किती, त्यातल्या किती जणांशी बोलणं झालं. आणि सर्जनवार यादी चारचौघांत कधीच उघडू नका. हर्नियाची स्वच्छ जखम आणि आतडं फुटून आलेल्या पेशंटची जखम एका रांगेत लावली, तर रात्रीच्या इमर्जन्सी घेणारा सर्जनच सगळ्यांत वाईट दिसतो. जखमेचा वर्ग (स्वच्छ की दूषित) आधी वेगळा करा, मग त्या-त्या सर्जनच्या केबिनमध्ये जाऊन कागद दाखवा.