गुलाबी बोंडअळी : दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

ऑक्टोबर महिन्यात कपाशीच्या बांधावर उभा राहून “यंदा पऱ्हाटी झकास आहे” असे कोणी म्हणाले, की मी त्याला आधी वीस हिरवी बोंडे तोडून आणायला सांगतो. गुलाबी बोंडअळी ज्या पतंगाची, त्याची मादी पात्यांवर (कपाशीच्या कळ्यांवर), फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते, अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि बोंड वाढताना ते बारीक छिद्र बुजून जाते. त्यामुळे आत सरकी खात बसलेल्या अळीचा बाहेरून काहीच सुगावा लागत नाही. बोंड वरून पाहून निर्णय घेणे ही म्हणूनच पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे. वेगवेगळ्या झाडांवरची, अजून कडक न झालेली वीस बोंडे घेऊन ती फोडून पाहावीत. दोन बोंडांत जरी अळी निघाली तरी प्रादुर्भाव 10 टक्क्यांवर पोचला आणि फवारणीची वेळ आली असे समजावे. मी हे काम दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी करतो, कारण चहानंतर दुसरीच कामे निघतात.

दुसरी चूक कामगंध सापळ्यांची, म्हणजे मादीच्या कृत्रिम वासाने नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यांची आहे, आणि तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक तरुण शेतकरी मला मोठ्या अभिमानाने सांगत होता, की त्याने सप्टेंबरपासून पाच एकरांत दहा सापळे लावले आहेत आणि त्यांत गुलाबी अळीचा एकही पतंग आलेला नाही. मी त्याच्या शेतात गेलो, बोंडे फोडली, तर वीसपैकी नऊ बोंडे किडलेली निघाली. मग सापळे उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. दुकानातून त्याला अमेरिकन बोंडअळी या दुसऱ्याच किडीची ल्युर (सापळ्यात ठेवायचे आमिष) मिळाली होती, आणि दोन सापळ्यांत तर मागच्या हंगामातील उरलेली ल्युर होती, जी वर्षभर खिडकीत उन्हात पडून होती. ल्युर ही मादीच्या वासाची नक्कल असते आणि प्रत्येक किडीचा वास वेगळा असतो. गुलाबी बोंडअळीसाठी गॉसिप्ल्युरच लागते. रिकाम्या सापळ्याने त्या पोराला दोन महिने निर्धास्त झोप दिली आणि वेचणीच्या वेळी हातात कवडी, म्हणजे नीट न फुटलेला किडका कापूस दिला. म्हणून मी ल्युरच्या पाकिटावरचे नाव दुकानातच वाचतो, लावल्याची तारीख सापळ्यावर पेनाने लिहितो आणि साधारण तीन आठवड्यांनी ती बदलतो. पाहणीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय सुरू करावा. मात्र सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे दोन सापळे टांगले म्हणजे अळी संपली असे मानणारा माणूस घड्याळ भिंतीवर लावून गाडी वेळेवर येईल अशी वाट पाहत असतो.

डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमलता कळीसारखी मिटलेली फुले, दिसूनही तशाच सोडू नयेत. त्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात.

पंपात दोन-तीन औषधे एकत्र ढवळून “एकदाच जोरात मारू” म्हणणाऱ्यांविषयी मला सहानुभूती उरलेली नाही. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत ते मिश्रण पोचत नाही, आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक लवकर मारले तर पांढरी माशी मात्र हमखास बोकाळते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले, तरीही उघड्या अंगाने, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारणारे मला आजही दिसतात. पाती लागण्याच्या काळात 5 टक्के निंबोळी अर्क मारणे अनेकांना मागासलेपणाचे वाटते. मी तो मारतो.

बीटी, म्हणजे अळीला मारक जनुक घातलेले बियाणे आहे म्हणून गुलाबी अळी येणार नाही, हा समज तर आता सोडायलाच हवा. बीटी कापूस भारतात 2002 मध्ये आला, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले, आणि गुलाबी अळीने दोन्हींना प्रतिकार करायला शिकून घेतले. प्रतिकार नसलेल्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून पाकिटासोबत मिळणारे बिगर-बीटी बियाणे पेरायचे सोडून आपण वर्षानुवर्षे बांधावर फेकले, हेही त्याचे एक कारण आहे.

सगळ्यांत मोठी चूक मात्र हंगाम संपल्यावर होते. पाणी आहे, भाव बरा आहे, मग फरदड ठेवू या, म्हणजे तेच पीक पाणी देऊन पुढे चालवू या, या लोभाला मीही एकदा बळी पडलो आहे. दोन एकरांतून मार्चपर्यंत जो थोडा कापूस निघाला, त्याचे पैसे पुढच्या हंगामातील जादा फवारण्यांत गेले, कारण उभ्या पिकात अळीला सलग अन्न मिळत राहिले. अन्न संपले, तरी काही अळ्या सरकीत सुप्तावस्थेत पडून राहतात आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतात. अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यासाठी वंध्य केलेले पतंग सोडले, बीटी पेरले, कामगंध वापरले, पण पिकाचे अवशेष वेळेत नष्ट करण्याची शिस्तही पाळली. आपल्याकडे डिसेंबरअखेर उलंगवाडी करावी, म्हणजे पीक संपवून शेत मोकळे करावे, पऱ्हाटी मुळासकट उपटावी आणि किडलेली बोंडे झाडावर राहू देऊ नयेत. पऱ्हाटी घरामागे जळणासाठी रचणाऱ्यांशी माझे दरवर्षी भांडण होते. रचायचीच असेल, तर निदान तिच्यावरची न फुटलेली बोंडे तरी आधी काढून जाळा. जिनिंगजवळ, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याजवळ शेत असेल, तर सरकीतून निघणारे पतंग पकडण्यासाठी त्या कडेला सापळे जास्त लावावेत, आणि धूळपेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याच्या) घाईत मे महिन्यातच कापूस टोबू नये, कारण लवकर आलेल्या पात्यांवर पहिली पिढी आयती पोसली जाते.